गाढवाची जात



मागच्या बैठकीत प्रत्येकानं आपापला विषय सांगितला. कुणी शिष्यवृत्तीवर लिहिणार होता, कुणी गायरानावर, कुणी पुतळ्याच्या जागेवर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी गाढवावर लिहितो. सगळे हसले. एक पोरगा म्हणाला, "काका, आत्मचरित्र का?" मीही हसलो. हसायला हरकत नाही. पण गाढव म्हटलं की हसायचं, हे आपल्याला शिकवलं कुणी? हसून झाल्यावर एवढं विचारू.

मला ते शाळेत शिकवलं गेलं. भडगाव-पाचोऱ्याच्या बाजूला गिरणाकाठी आमचं गाव. नाव लिहीत नाही. मास्तर पहिल्या दिवशी मला बघून म्हणाले, "हाई गधडं वर्गात कथाईन उनं?" वर्ग हसला. मी दाराजवळ, चपलांच्या रांगेत बसायचो. गणित चुकलं तर गाढव, बरोबर आलं तर "गाढवालाही येतं, तुम्हाला येत नाही" म्हणून बाकीच्यांना मार. म्हणजे बरोबर आलं तरी मी गाढवच.

त्याच मास्तरांनी एकनाथांची गोष्ट सांगितली. काशीची गंगा कावडीत घेऊन नाथ रामेश्वराला निघाले. वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं. नाथांनी सगळी गंगा त्याच्या तोंडात ओतली. मास्तरांचा गळा दाटून आला. माझा घसा सुकला होता, कारण शाळेतल्या माठाला हात लावायची मला परवानगी नव्हती. मधल्या सुट्टीत कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, नाहीतर घरी पळायचं. मला तेव्हा वाटायचं, नाथांच्या वाटेत माणूस पडण्यापेक्षा गाढव म्हणून पडलेलं बरं. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, मज्जाव माणसांना होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथं पाणी पिऊन दाखवलं, ते आम्ही ढोर नाही, माणूस आहोत हे सांगायला. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा फक्त तहान कळत होती.

म्हणी तर विचारूच नका. अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढवाला गुळाची चव काय. गाढवापुढे वाचली गीता. या शेवटच्या म्हणीवर मी पुढं कॉलेजात एकदा भाषण केलं होतं. म्हटलं, गाढवाचं नशीब थोर. त्याच्यापुढे निदान गीता वाचतात. आमच्या कानावर वेद पडला तर कानात शिसं ओतायची शिक्षा लिहून ठेवली होती. टाळ्या पडल्या. पण टाळ्या घेताना मी गाढवाचा शिडीसारखा वापर करत होतो. त्याच्या पाठीवर पाय देऊन मी माणूस ठरत होतो. ज्यांचं गाढव होतं ती माणसं त्या भाषणात कुठंच नव्हती. त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

*

आमच्या गावात गाढवं होती ती कुंभाराची, परटाची, आणि दर हिवाळ्यात नदीच्या काठी पालं टाकणाऱ्या माती वडारांची. वडार यायचे ते बांध घालायला, विहिरी खणायला. पाठीवर गोण टाकलेली पंधरा-वीस गाढवं रांगेनं माती वाहायची. पुढं हाकायला कुणी लागायचं नाही. एकदा वाट दाखवली की गाढव भरल्या गोणीनं जायचं, रिकाम्या गोणीनं परत यायचं. संध्याकाळी पुढचे दोन पाय सुंभानं बांधून त्यांना चरायला सोडत. विहिरीला पाणी लागलं की वडार पुढच्या गावाला. त्या विहिरीचं पाणी आम्हाला नव्हतं, आणि खणणाऱ्याला त्या गावात राहणं नव्हतं.

आमचा महारवाडाही गावाबाहेर, नदीच्याच अंगाला. म्हणजे गावाच्या हिशोबात आम्ही शेजारी. पण आमच्यात आणि पालांत एक रेघ होती. ते आम्हाला शिवून घेत नसत. आम्ही त्यांना गधडंवाले म्हणून नाक मुरडायचो. उतरंडीतलं तळाचं मडकं कोणतं, याचं भांडण तळाच्याच दोन मडक्यांत चाललेलं. माझी माय चांगली बाई. दुष्काळात स्वतःच्या ताटातली भाकरी दुसऱ्याच्या पोराला देणारी. पण तीही मला बजावायची, "वडारेस्ना पालमा पानी पेवानं नही, समजनं का?" शाळेच्या माठानं मला जे केलं, तेच माझी माय मला त्यांच्या माठाशी करायला शिकवत होती. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. पुस्तकात वाचताना हे दोन शब्द जड वाटतात. मला ते मायच्या आवाजात ऐकू येतात.

*

१९७२ चा दुष्काळ झाला. सगळं गाव खडी फोडायला रांगेत बसलं. तेव्हा काही महिने कुणी कुणाला गाढव म्हटलं नाही, कारण सगळेच वाहत होते. मग १९७३ चा उन्हाळा आला. मी दहा वर्षांचा होतो.

माझा चुलता, आम्ही त्याला नाना म्हणायचो, भुसावळला हमाली करून परत आला होता. भुसावळला तो सभांना जायचा. धर्मांतर होऊन सतरा वर्षं झाली होती, तरी आमच्या गावात मेलेलं ढोर ओढायचं काम चालूच होतं. म्हाताऱ्यांना भीती, की ढोर सोडलं तर सुगीला धान्य मिळणार नाही. त्या उन्हाळ्यात एका बड्या घरचा बैल मेला. सांगावा आला. नाना म्हणाला, "आम्ही ओढत नाही." एवढंच. तीन शब्द. दोन दिवस बैल तसाच पडला. तिसऱ्या दिवशी वासानं गाव हैराण झालं आणि मालकाला आपल्याच बैलांना दोर बांधून तो ओढून न्यावा लागला. चौथ्या दिवशी आमच्या वस्तीला दुकान बंद, गिरणी बंद, शेतातली वाट बंद. रात्री चावडीवर ठरलं, नानाचं तोंड काळं करायचं, गाढवावर उलटं बसवायचं आणि गावातून धिंड काढायची.

ही शिक्षा जुनी आहे. आपल्या महाराष्ट्रात शिलाहारांच्या, यादवांच्या काळचे गधेगाळ नावाचे दगड उभे आहेत. दान दिलेली जमीन कुणी हिरावली तर त्याच्या आईला गाढव लागेल, असा त्यावरचा शाप, आणि खाली तसं चित्रच कोरलेलं. रायगड जिल्ह्यात अक्षीला आहे. मराठीच्या जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. शाळेत आपल्याला मराठीचं वय सांगतात, पण त्या दगडावर गाढव कशाला आहे आणि बाई कशाला आहे, ते सांगत नाहीत. आदिलशाहीच्या सरदारानं पुणं उजाडलं तेव्हा गाढवाचा नांगर फिरवला अशी कथा आहे. जमिनीचा अपमान करायचा, बाईचा करायचा, माणसाचा करायचा, की गाढव आणा. गाढवाला कुणी विचारत नाही. आणि गाढववाल्याला तर नाहीच.

आमच्या वस्तीत सांगावा फुटला. अंधार पडल्यावर माय, मी आणि नाना नदीत उतरलो. नानाला पलीकडून पाचोऱ्याच्या वाटेला लावायचं होतं. पण चांदणं होतं, आणि समोरून माणसं येताना दिसली. आम्ही दरडीआड दडलो. पालं तिथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं.

पाच-सहा जण पालाशी आले. एकानं हाक मारली, "ए वडारीण, एक गधडं सोड." एक म्हातारी बाहेर आली. पुरुष कामावर पुढच्या गावाला गेले होते. तिनं विचारलं कशाला. त्यांनी सांगितलं. हसतच सांगितलं. म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, "मनं गधडं वझं व्हावासाठे शे. मानूसनी अब्रू उतारासाठे नही."

थोबाडीत मारल्याचा आवाज झाला. पालातलं पोर रडायला लागलं. त्यांनी एक गाढव सोडलं आणि ओढत नेलं. नदीला तेव्हा पोटरीएवढं पाणी होतं, वीतभर रुंद धार. गाढव धारेपाशी आलं आणि उभं राहिलं. ओढलं, हललं नाही. काठीनं मारलं, हललं नाही. शेपूट पिरगाळलं, हललं नाही. चारही पाय वाळूत रोवून, कान मागं टाकून उभं. मागून त्याच्या जोडीदारानं ओरडायला सुरुवात केली. मग सगळीच ओरडायला लागली, कुत्री उठली, वस्ती उठली, गावातल्या भल्या माणसांचे कंदीलही काठावर दिसू लागले. अर्धा-पाऊण तास हा तमाशा चालला. शेवटी एक जण म्हणाला, "जाऊ द्या, गधडं ते गधडंच." दोर टाकून ते परत गेले. तोवर नाना वरच्या अंगानं नदी ओलांडून निघून गेला होता. पहाटे त्याला पाचोऱ्याला गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नदीवर गेलो. पालं उठली होती. कुणी उठवली हे सगळ्यांना माहीत होतं. तीन दगडांची चूल, एक फुटकं मडकं आणि वाळूत खुरांचे ठसे. विहीर अर्धीच खणलेली होती, तिची मजुरीही मिळाली नसणार.

आठ दिवसांनी नाना दोन कार्यकर्त्यांना घेऊन आला. अर्ज झाला, पंचनामा झाला, दुकान-गिरणी उघडली. पुढं खटल्याचं काही झालं नाही, पण ढोर ओढणं आमच्या गावातून कायमचं गेलं. नाना ती गोष्ट मरेपर्यंत सांगायचा. "माले त्या गधडानी वाचाडं," असं म्हणून सगळ्यांना हसवायचा. मीही कितीदा हसलो. त्याच्या गोष्टीत म्हातारी नव्हती. माझ्याही नव्हती.

*

१९८३ साली जळगावला वसतिगृहात असताना मनुस्मृतीचा दहावा अध्याय हाती आला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला जाळली ती का, हे वाचून बघायचं होतं. तिथं एक्कावन्न-बावन्नला चांडाळ-श्वपचांची व्यवस्था लावलेली आहे. घर गावाबाहेर असावं. भांडी फुटकी असावीत. कपडे मेलेल्यांचे असावेत. धन म्हणजे कुत्री आणि गाढवं. आणि त्यांनी सतत भटकत राहावं.

वाचलं आणि नदीकाठ डोळ्यांपुढं आला. गावाबाहेरचं घर, ते आमचं. गाढव आणि भटकंती, ती त्यांची. फुटकं मडकं मी स्वतः पाहिलं होतं. मनूनं आम्हा दोघांना एकाच ठिकाणी लिहून ठेवलं होतं, आणि आम्ही तो श्लोक अर्धा-अर्धा वाटून घेऊन एकमेकांना नाक मुरडत बसलो होतो. श्लोक जाळला तो पूर्ण जाळला की आपला अर्धा तेवढा जाळला? हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

*

ते गाढव का अडलं, हेही मला कळून घ्यायचं होतं. वाचत गेलो तसं कळत गेलं.

गाढव मूळचं आपलं नाही, आफ्रिकेचं. तिथल्या रानगाढवाला माणसानं सुमारे सात हजार वर्षांपूर्वी, पूर्व आफ्रिकेत माणसाळवलं, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासातून दिसतं. हे रानगाढव ओसाड, खडकाळ मुलखातलं. चारा थोडा, पाणी लांब. तिथं घोड्यांसारखे मोठे कळप पोसत नाहीत. नर आपापला मुलूख धरून राहतो. म्हणून मोठे कान, लांब जाणारा आवाज. संकट आलं की कळपामागे उधळायची सोय नाही. म्हणून ते आधी थांबतं, बघतं, अंदाज घेतं. घोडा भ्यायला की पळतो, गाढव भ्यायलं की पाय रोवतं. ज्याला आपण अडेलपणा, मूर्खपणा म्हणतो तो त्याचा विचार करायचा वेळ आहे. अनोळखी माणूस, रात्र, चमकतं पाणी, मागं राहिलेला जोडीदार. गाढव जोडीदाराला फार धरून असतं. त्या रात्री त्यानं पुढं न जाण्याची सगळी कारणं बरोबर होती. चूक फक्त काठीवाल्यांची होती.

खानदेशातली आपली कितीतरी माणसं सुरतेला पोटामागे गेली. माझा पुतण्या उधन्याला लूमवर होता. एका हिवाळ्यात तो म्हणाला, काका, तुम्ही गाढवाचं एवढं वाचता, चला कच्छच्या छोट्या रणात खरं रानगाढव दाखवतो. गेलो. सपाट, भेगाळलेली जमीन, झाड नाही. लांबून धुळीत सात-आठ जनावरं दिसली. वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, पाठीवरून आयाळीपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा. आमची जीप वळली तशी ती धावली. असं धावणं मी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "ये गधा नहीं है साहब, घुडखर है. इसको कोई बांध नहीं सका." पुतण्या म्हणाला, "बघा काका, हे क्षत्रिय गाढव!"

तो गमतीनं बोलला, पण मी दचकलो. आपल्या डोक्यात ही शिडी किती खोल गेली आहे! बांधलं ते शूद्र, न बांधलं ते क्षत्रिय. जसं काही बांधलं जाणं रक्तातच असतं. पण घुडखर हा आपल्या गाढवाचा बाप नव्हे, चुलत. ती आशियाची वेगळी जात. तिबेटाकडचा, लडाखचा कियांग हाही तिचाच भाऊबंद. आपल्या गाढवाचा खरा पूर्वज आफ्रिकेत आहे, आणि तोही असाच वाऱ्यासारखा धावतो. त्याच्याच पोटच्या लेकरांना पकडलं, गोण लादली, काठी घातली, हजारो वर्षं घातली. आणि मग म्हणी केल्या की बघा, याचा जन्मच ओझ्यासाठी. आपल्याबद्दलही हेच लिहिलं गेलं. आधी ओझं दिलं, मग ओझ्याला स्वभाव म्हटलं, मग स्वभावाला जन्म म्हटलं.

आणखी एक गोष्ट त्या रणात पाहिली. घुडखर १९६० च्या सुमाराला रोगराईनं काही शेकड्यांवर आला होता. १९७३ साली अभयारण्य झालं. १९७६ च्या गणनेत तो ७२० होता, २०२४ च्या गणनेत ७,६७२. चांगलं झालं. जनावर जगलं पाहिजे. पण त्याच जमिनीवर पिढ्यानपिढ्या अगरिया लोक मीठ पिकवतात. पाऊस ओसरला की रणात उतरायचं, जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यात सोडायचं, उन्हाळ्यापर्यंत तिथंच झोपडीत राहायचं. त्यांच्याकडे जमिनीचा कागद नाही. त्यामुळे अभयारण्याच्या हिशोबात ते अतिक्रमण करणारे. घुडखराची गणती होते, अगरियाला कागद मागतात. माझा राग घुडखरावर नाही. गणती करणाऱ्यांची नजर कुठं थांबते, ते सांगतोय.

आणि आफ्रिकेतला तो मूळ बाप? इथिओपिया-एरिट्रियाच्या बाजूला थोडकाच उरला आहे, संपायच्या बेतात. जगभर ज्याच्या लेकरांनी ओझी वाहिली, त्याच्यावर ही वेळ.

*

घोड्याचंही बोलू, कारण घोड्याशिवाय गाढवाचा अपमान पुरा होत नाही.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये. लाखांचे घोडे, फेटेवाले मालक. गाढवांचा बाजार भरतो मढीला कानिफनाथाच्या यात्रेत आणि जेजुरीला पौषी पौर्णिमेला. तिथं वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, परीट येतात. बाजारातसुद्धा जनावराची जात बघून माणसाची जात कळते. आपला नवरदेव घोड्यावर बसला तर अजूनही देशात कुठं ना कुठं दगड पडतात. गाढवावर बसवणं ही शिक्षा, आणि घोड्यावर बसणं हा गुन्हा.

आणि हे आपल्या खानदेशात खुद्द बाबासाहेबांच्या वाट्याला आलं. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते धुळ्याकडे आले होते. परतताना चाळीसगावला आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला उतरवून घेतलं. स्टेशनवर टांगे होते, पण एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. त्यात त्याला कमीपणा वाटत होता. मग लोकांनी टांगा भाड्यानं घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक नवशिका बसवला. वाटेत नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. त्यांना सलणारी गोष्ट ही, की पोटासाठी टांगा हाकणारा माणूससुद्धा एका बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजतो.

हे वाचताना आपण नेहमी बाबासाहेबांच्या बाजूनं टांग्यात बसतो. बसलंच पाहिजे. पण एकदा त्या टांगेवाल्याच्या जागी स्वतःला बसवून बघा. तोही गरीब. तोही कुणाकडून हाड्-हाड् ऐकणारा. त्याच्याकडे फक्त एवढंच होतं, की आपल्या खाली कुणीतरी आहे. माझ्या मायकडेही तेवढंच होतं. माझ्याकडेही.

*

आता आजचं.

देशातली गाढवं झपाट्यानं संपत चालली आहेत. २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार होती, २०१९ मध्ये १ लाख २० हजार उरली. माती वाहायला यंत्रं आली, वीटभट्टीवर ट्रॅक्टर आले. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून औषध करतात, त्यासाठी जगभर गाढवं मारली जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकेतल्या देशांनी मिळून ही कत्तल थांबवायचं ठरवलं. उरली ती कुठं? आपल्याकडे नदीत. वाळू वाहायला.

मागच्या उन्हाळ्यात मी जळगावजवळ गिरणेच्या पात्रात गेलो होतो. सकाळी सहाची वेळ. गाढवांची रांग वाळूच्या गोण्या घेऊन वर चढत होती. मागं विशीतला एक पोरगा. मला पाहून तो थबकला. त्याला वाटलं मी सरकारी माणूस. वाळूच्या चोरीत डंपरवाल्यावर कारवाई व्हायला लिलाव, दंड, वकील, वशिला अशी लांब वाट आहे. गाढववाला जागच्या जागी सापडतो. पंढरपूरला वाळूची गाढवं पकडून नेल्याच्या बातम्या आपण वाचून हसलोच होतो ना? मीही हसलो होतो.

मी म्हटलं, भाऊ, मी कुणी नाही, बस. तो बसला. गाढवं आपली आपण थांबली. बोलता बोलता कळलं, वडार आहे, बारावी झालाय, पुढं शिकायचं होतं. जातीचा दाखला निघत नाही. वडार आपल्या राज्यात विमुक्त जातीत. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, १९५२ साली तो कायदा गेला. पण विमुक्त-भटक्यांना दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. पोरगा म्हणाला, "काका, एकसष्टनं कागद कथाईन आनसूत? आजा पालमा जनमना, पालमा मरना."

मला काही बोलता येईना. ज्यांना मनूनं सतत भटका म्हणून सांगितलं, गावानं एका रात्रीत पालं उठवली, त्यांनाच आज विचारायचं की तुम्ही एका जागी राहत होता याचा पुरावा द्या.

त्यानं डबकीतून पाणी काढून मला दिलं. मी प्यायलो. बासष्ट वर्षं लागली.

घरी येऊन मी नानाची जुनी ट्रंक उघडली. १९७३ च्या त्या अर्जाची नक्कल त्यानं जपून ठेवली होती. माझं वाचनच तिच्यापासून सुरू झालं म्हणा. पुन्हा वाचली. दुकानदाराचं नाव आहे. गिरणीवाल्याचं आहे. चावडीवर बसलेल्या सगळ्यांची नावं आहेत. "धिंड काढण्यासाठी एक गाढव आणण्यात आले" असंही लिहिलं आहे. गाढवाचा उल्लेख आहे. म्हातारीचा नाही. नदीकाठी वडारांची पालं होती, त्यांना मारहाण झाली, त्यांना हाकलून दिलं, यातलं एक अक्षर नाही. नाना विसरला नव्हता. अर्ज लिहिणारे आपले कार्यकर्तेही दुष्ट नव्हते. त्यांना तो आपला विषय वाटला नाही, एवढंच. सरकारी कागदावर कुठंतरी तिचं नाव यायची ती संधी होती. ती आपण घालवली. मी दहा वर्षांचा होतो, मी साक्षीदार होतो, आणि मी आजपर्यंत तिचं नावसुद्धा विचारलेलं नाही.

३१ जुलैला आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. १९३७ साली कोर्टाच्या कामाला आले असताना बाबासाहेब तिथं थांबले होते म्हणून. दरवर्षी भाषणं होतात, बहुजन-बहुजन असा गजर होतो, आपण जेवतो आणि परत येतो. यंदा माझं एक म्हणणं आहे. जाण्याआधीच्या महिन्यात आपण गिरणा, पांझरा, तापीच्या काठानं फिरू. जिथं गाढव दिसेल तिथं पाल असेल. तिथं बसायचं, पाणी प्यायचं, आणि वहीत नावं लिहायची. आजाचं नाव, आजीचं नाव, कोणत्या गावात कोणती विहीर खणली, कोणता बांध घातला. त्या विहिरी अजून आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घेऊ, शाळांचे जुने दाखले शोधू, चौकशीत जे जे पुढं करता येईल ते गोळा करू. त्या पोराचं काम मी सुरू केलं आहे. एकट्यानं होत नाही.

त्या म्हातारीचं नाव मिळेल की नाही, सांगता येत नाही. मी शोधतो आहे.

आता पुढच्या बैठकीत हसायचं असेल तर खुशाल हसा. पण वही घेऊन या.

जय भीम.